वीबेचा हेरेनवेनमधला हिस्सा

वीबे टर्पस्ट्रा टायर हातानं पाहायचा. दुकानात यंत्र होतं, पण गिऱ्हाइकाची गाडी आली की तो आधी उकिडवा बसायचा, टायरवरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, "एकाच बाजूनं झिजलाय. तुझं चाक वाकडं आहे. नवा टायर घालून काय करतोस? आधी चाक सरळ करून घे." हातात आलेली विक्री अशी परतवून लावणारा दुकानदार आमच्या स्नेक गावात दुसरा नव्हता. म्हणूनच अर्धं गाव त्याच्याकडे जायचं.

उरलेलं अर्धं गाव त्याच्या बायकोला ओळखायचं. हिस्के नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. बाई ठेंगणी, पण आवाज असा की या काठावरून ती "पाय!" म्हणून ओरडली की त्या काठाच्या पोराचे पाय आपोआप ताठ व्हायचे. शनिवारच्या बाजारात ती चीज घ्यायला उभी राहिली की पोटं सुटलेले बाप्ये तिला बघून श्वास आत ओढून घ्यायचे. त्यांना सगळ्यांना तिनंच पाण्यात ढकललेलं होतं.

दोघांचं बरं चाललं होतं. मुलगी मिंके ग्रोनिंगनला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. वीबेचे गुडघे उकिडवं बसायला कुरकुरायला लागले तेव्हा त्यानं दुकान विकलं. एका मोठ्या साखळी दुकानवाल्यांनी ते घेतलं आणि चांगला भाव दिला. आयुष्यात पहिल्यांदाच वीबेकडे काम नव्हतं आणि पैसा होता. बँक त्या पैशावर जे व्याज देत होती ते ऐकून त्याला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटायचं.

अशा वेळी लुब्बर्ट वेनेमा भेटतोच. लुब्बर्ट पूर्वी बँकेत होता. आता तो दहा-पंधरा जण गोळा करायचा, त्यांचे पैसे एकत्र करायचा, वर बँकेचं कर्ज काढायचा आणि एखादी इमारत विकत घ्यायचा. कुठे कचेरी, कुठे दुकानांची रांग. भाडं आलं की कर्जाचं व्याज भागवून उरलेलं भागीदारांत वाटायचं, आणि काही वर्षांनी इमारत विकून नफा घेऊन मोकळं व्हायचं. माणूस लबाड नव्हता. पुढेही तो लबाड निघाला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकणारा उगीच त्याच्या चेहऱ्यात चोर शोधत बसतो.

तो वीबेच्या स्वयंपाकघरात बसला. हिस्केनं कॉफी ओतली, साखरेचे खडे घातलेला पाव कापला आणि तीही टेबलाशी बसली. लुब्बर्टनं हेरेनवेनच्या महामार्गालगतच्या एका गोदामाचे फोटो मांडले. भाडेकरू सायकलींच्या सुट्या भागांचा घाऊक व्यापारी होता, आणि त्याचा करार लांबचा होता.

"बँकेच्या तिप्पट पडेल हातात," लुब्बर्ट म्हणाला.

"तिप्पट कोणी फुकट देत नाही," वीबे म्हणाला. "खोट कुठे आहे ते सांग."

लुब्बर्ट हसला. "खोट अशी की भाडेकरू एकच. तो गेला की भाडं गेलं. कर्जाचं व्याज मात्र जात नाही."

"आणि मध्येच पैसे लागले तर?"

"तर अवघड आहे. हा काही बाजारात विकता येणारा शेअर नाही. भागीदारांपैकीच कोणीतरी तुझा हिस्सा घेईल, तो म्हणेल त्या भावात. नाही घेतला तर गोदाम विकेपर्यंत थांबायचं. दहा वर्षं धर."

"मला कशाला लागतात मध्येच पैसे!" वीबे म्हणाला आणि पावाचा दुसरा तुकडा उचलला. "घर माझं आहे, गाडी माझी आहे. घोडाही नाही मला, चारा घालायला."

हिस्केनं दोघांचे कप पुन्हा भरले. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे वीबेनं ते गोदाम टायरसारखं पाहिलं. धो धो पाऊस लागला त्या दिवशी मुद्दाम जाऊन आत छपराखाली उभा राहिला, कुठे थेंब गळतो का बघायला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सिगारेट देऊन विचारलं, दिवसाला ट्रक किती येतात. सायकलच्या दुकानदारांकडे जाऊन चौकशी केली, हा व्यापारी माल वेळेवर पाठवतो का, घेणेकऱ्यांना ताटकळत ठेवतो का. जमीन पालिकेची की मालकीची हेही पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्यानं दुकानाच्या पैशातला निम्म्याहून मोठा भाग त्यात घातला.

पहिली वर्षं सोन्याची गेली. दर तिमाहीला भाड्याचा वाटा खात्यात यायचा. वाढदिवसाला घरोघरी खुर्च्या गोल मांडून लोक बसतात, तिथे वीबे आता हवामानाऐवजी जोखमीवर बोलायला लागला. "जोखमीला घाबरायचं नसतं. तिला वाकून बघायचं असतं," तो म्हणायचा. "किती परतावा मिळणार हे शेवटी विचारायचं. काय बुडू शकतं हे आधी." लोक माना डोलवायचे. रविवारी तो फिरायला म्हणून गाडी काढायचा आणि ती हेरेनवेनलाच जाऊन थांबायची. हिस्के मैत्रिणींना सांगायची, "माझ्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केलाय. सवत पत्र्याची आहे, पण तिला बघायला नेमानं जातो हो!"

मग मंदी आली. सायकलवाला व्यापारी आधी भाडं उशिरा द्यायला लागला, मग अर्धं, आणि एका शरदात त्यानं दिवाळं काढलं. गोदाम रिकामं झालं. नवा भाडेकरू मिळेना. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना "भाड्यानं देणे आहे"च्या पाट्या शेतातल्या बुजगावण्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. बँक व्याज सोडायला तयार नव्हती, त्यामुळे येणं तर बंद झालंच, उलट भागीदारांना खिशातून भर घालावी लागली. दोन-तीन जण घाबरून आपला हिस्सा मातीमोल भावात देऊन बाहेर पडले. ते हिस्से घेतले साके हॉफमानं. हा दातांचा डॉक्टर, शांत, श्रीमंत आणि सबुरीचा माणूस.

वीबेनं दुकानाच्या उरलेल्या पैशातून भर घातली, तो पैसा जवळपास संपला, पण वीबे टिकून राहिला. "भाडेकरू गेला, गोदाम कुठे गेलंय?" तो म्हणायचा. "महामार्ग तिथेच आहे ना?"

या सगळ्यात त्याची चूक नव्हती. आज मागे वळून पाहिलं तरी दिसत नाही. ती पुढे झाली, आणि तिचं नाव टेर्स्खेलिंग.

हिस्केची मावसबहीण यिके त्या बेटावर राहायची, पूर्वेच्या टोकाला, ओस्टरएंडमध्ये. बुटकं विटांचं घर, मागे चराईचं कुरण, पलीकडे बांध आणि बांधापलीकडे समुद्र. हिस्केच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेल्या होत्या. पोहायला ती तिथेच शिकली होती. मावशीनं कमरेला दोरी बांधून तिला भरतीच्या पाण्यात सोडली होती. यिकेचं वय झालं होतं, तिला मुलाकडे मुख्य भूमीवर यायचं होतं. तिनं फोन केला.

त्या दुपारी हिस्के स्वयंपाकघरात आली तेव्हा वीबे बटाटे सोलत होता.

"यिके घर विकतेय," ती म्हणाली. "बाजारात मांडायच्या आधी मला विचारतेय. घरचा भाव लावीन म्हणते."

"चांगली आहे यिके."

"वीबे, मी यंदा तलाव सोडणार. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे राहायचं, थंडीत इकडे. सकाळी उठून समुद्रात." ती बसली नव्हती, उभीच होती, आणि तलावावर घुमणारा तो आवाज एकदम लहान झाला होता. "मी आजवर काही मागितलं नाही बघ."

खरंच मागितलं नव्हतं. वीबेनं सुरी खाली ठेवली.

तो बँकेत गेला. गोदामातल्या हिश्श्यावर कर्ज द्या म्हणाला. रिकाम्या गोदामाचा, विकता न येणारा तुकडा तारण म्हणून घ्यायला बँक तयार झाली नाही. राहतं घर गहाण टाकायचं, तर पेन्शनवर हप्ता झेपेना. मग त्यानं दातांच्या डॉक्टरला फोन केला.

"घेतो की," साके हॉफमा म्हणाला. "पण टर्पस्ट्रा, तुम्हाला फसवायचं नाही म्हणून स्पष्ट सांगतो, मी निम्मेच देईन. तुम्ही घातले त्याच्या निम्मे. रिकामं गोदाम आहे, मलाही जोखीम आहे."

निम्म्यात यिकेचं घर आलं असतं. हातात दुसरं फारसं काही राहिलं नसतं, पण घर आलं असतं.

वीबेनं मुदत मागितली आणि त्याच रविवारी तो हेरेनवेनला गेला. फाटकावर तोच पहारेकरी होता. तो म्हणाला, "परवा माणसं आली होती, पार्सलवाल्या कंपनीची. दारांची उंची मोजत होती. ट्रक मागे लावायला जागा किती, ते विचारत होती." वीबेच्या अंगात वीज संचारली. आता सगळे घरबसल्या वस्तू मागवतात, त्या वस्तू ठेवायला गोदामं लागणार, आणि महामार्गाला खेटून असलेलं गोदाम कोणाला नको असेल? तो घरी आला तो जिना चढताच बोलायला लागला.

"हिस्के, ऐक. आज विकलं तर निम्मे जातात. वर्ष-दोन वर्षं कळ काढली तर सगळे परत, वर नफा. आणि यिकेचंच घर कशाला? तेव्हा बेटावरचं कुठलंही घर घेऊ आपण! घाबरून विकतो तोच बुडतो. मी सगळं तपासून आलोय. दोन वर्षं काय गं, डोळा मिटून उघडेपर्यंत जातात."

हिस्के कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

वीबेनं ते "बरं" उचललं आणि डॉक्टरला नकार कळवला. यिके वसंतापर्यंत थांबली, मग तिनं घर उट्रेख्तच्या एका जोडप्याला विकलं. घर रिकामं करायला मदत म्हणून हिस्के एकटीच बोटीनं गेली, आठवडाभर राहिली. परत आली तेव्हा वीबे बंदरावर घ्यायला गेला होता.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"पाणी गार होतं," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत ती गाडीत डोळे मिटून बसली. वीबेला वाटलं, दमली असेल.

त्याच वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा हिस्के तलावाच्या काठावर कोसळली. नोकरी सोडली होती, तरी एका बुजऱ्या पोरीची परीक्षा होती म्हणून मदतीला गेली होती. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेले, आणि तो आवाजही गेला. महिनोन्‌महिने सराव करून शब्द परत यायला लागले ते एकेक, अडखळत, बोटीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसारखे.

आणि त्याच हिवाळ्यात पार्सलवाल्यांनी करार केला. पूर्वीच्या सायकलवाल्यापेक्षा दीडपट भाडं. लुब्बर्टनं आनंदानं फोन केला तेव्हा वीबे पुनर्वसन केंद्राच्या आवारात उभा होता. "तू म्हणाला होतास तसंच झालं!" लुब्बर्ट ओरडत होता. वीबे "हो, हो" म्हणाला आणि आत गेला. हिस्केला चमच्यानं वाटाण्याचं सूप भरवायची वेळ झाली होती.

पैसा पुन्हा यायला लागला. त्यातून जिन्याला सरकती खुर्ची बसली, मग तीही पुरेना म्हणून खालीच न्हाणीघर बांधलं. मिंके दर पंधरवड्याला यायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, आईला बेटावर घेऊन जाऊ या ना. उट्रेख्तवाले ते घर आठवड्याच्या भाड्यानं देतात म्हणे. बोटीवर चाकाची खुर्ची चालते." वीबेचा चेहरा उजळला. तो लगेच हिस्केच्या पुढ्यात जाऊन बसला. "जायचं का, हिस्के? यिकेच्या घरी?"

हिस्केनं मान हलवली. नाही.

"हवा छान आहे. मी खुर्ची ढकलत बांधावर नेईन तुला."

"नाही." हा शब्द मात्र स्वच्छ आला. तिनं डाव्या हातानं खुर्चीचं चाक फिरवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मिंकेनं बापाकडे पाहिलं. जाताना दारात फक्त म्हणाली, "बाबा, पुन्हा विचारू नका तिला." 

आणखी काही वर्षांनी गोदाम विकलं गेलं. घेणारे परदेशी होते, आणि दिलेला भाव ऐकून लुब्बर्टलाही दोनदा खात्री करून घ्यावी लागली. भागीदारांना त्यानं हेरेनवेनच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. बेरेनबर्ग या कडवट वनौषधी मद्याचे छोटे पेले भरले गेले. साके हॉफमा उभा राहिला. "मला आज सगळ्यांत जास्त मिळालंय," तो म्हणाला, "पण खरा मान टर्पस्ट्रांचा. मी त्यांना निम्मे देत होतो. दुसरा कोणी असता तर घेऊन पळाला असता. धीर काय असतो ते या माणसाकडून शिकावं!" सगळ्यांनी टेबलावर हात बडवले.

वीबेनं पेला उचलला आणि ओठाला न लावता खाली ठेवला. शेजारी बसलेल्या लुब्बर्टच्या ते लक्षात आलं.

"काय रे? खूश नाहीस?"

"तू मला सगळं सांगितलं होतंस," वीबे म्हणाला. "मध्येच पैसे लागले तर अवघड आहे, म्हणाला होतास."

"मग? लागले कुठे तुला?"

वीबेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं की लुब्बर्टला काही माहीतच नाही. बेटावरच्या घराचं वीबेनं कोणालाच सांगितलं नव्हतं. "लागले होते," तो म्हणाला, आणि कोट घेऊन निघाला.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. शेजारीण हिस्केजवळ बसली होती, ती उठून गेली. वीबे कोट न काढताच हिस्केसमोर बसला. आकडा सांगायचा म्हणून तोंड उघडलं आणि त्याला दिसलं की तिला तो ऐकायचा नाहीये. मग इतकी वर्षं न विचारलेलं तेच बाहेर आलं.

"हिस्के, रागावलीस का गं माझ्यावर? त्या घरावरून?"

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. वीबेला सवय झाली होती, तो थांबला.

"तेव्हा... हिशोब... सांगितलास."

"हो."

"बरोबर होता." ती थांबली. डाव्या हातानं तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मला... विचारलं... नाहीस."

"तू बरं म्हणालीस!"

"बरं म्हणजे..." तिला पुढचा शब्द सापडेना. ती चिडली, डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं तो नादच सोडला आणि हात झटकला. वीबेला तो शब्द सापडला होता: नाइलाज. त्यानं तो बोलून दाखवला नाही. त्यानं कोट काढला, चूल पेटवली आणि तिच्यासाठी दूध गरम करत पाठ करून उभा राहिला, कारण त्याला रडताना बघायची हिस्केला सवय नव्हती.

तपासलं सगळं होतं. छप्पर, ट्रक, महामार्ग, व्याज, भाडेकरू. "काय बुडू शकतं" हा प्रश्नही त्यानं स्वतःलाच विचारला होता, अनेक वाढदिवसांना, मोठ्यानं. उत्तर शोधायला मात्र तो दर वेळी हेरेनवेनला गेला, आणि हिस्के घरी होती.

गावात त्याचं नाव झालं होतं. अजूनही कोणी ना कोणी येतं. कोणाला लुब्बर्टच्या नव्या इमारतीत पैसे घालायचे असतात, कोणाला दुकानांच्या रांगेत. वीबे छपराबद्दल विचारतो, भाडेकरूबद्दल विचारतो, आणि मग म्हणतो, "बायको कुठे आहे तुझी? पुढच्या वेळी तिला घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस." बहुतेक जण हसतात. एक-दोघं घेऊन आले. त्यातल्या एका बाईनं सरळ सांगितलं, मला दहा वर्षं थांबायचं नाही, मला आत्ताच गायनाचा वर्ग काढायचाय. नवरा घुश्शात निघून गेला. पुढे त्यांनी काय केलं ते वीबेला कळलं नाही. विचारायचं त्याचं धाडस झालं नाही.

हिस्के आहे. शब्द आता थोडे जास्त येतात. वीबे तिला सगळं विचारून करतो. पडदा कुठला लावू, खिडकी उघडू का, सूपात मोहरी किती घालू, मिंकेला आज फोन करू की उद्या. दिवसभर विचारतो. मागच्या आठवड्यात शेजारीण कॉफीला आली होती, तेव्हाही तो दारात उभा राहून विचारत होता, मोजे राखाडी देऊ की निळे. हिस्केनं डोळे मिटले आणि फार वर्षांनी, कापऱ्या का होईना, पण चढ्या आवाजात ती म्हणाली, "वीबे! मोजे... तू... ठरव!"

तो निळे घेऊन आला. खाली बसून, कुरकुरत्या गुडघ्यांवर, त्यानं तिच्या निर्जीव पायात मोजा चढवला आणि सुरकुती पडू नये म्हणून तळव्यावरून हात फिरवत राहिला.